तांबडीकाकी आणि सुटलेला बर्फ

तांबडीकाकीने कधी कुणाला "मासा घे" म्हटलेलं मी ऐकलं नाही. ती डोक्यावरची पाटी खळ्यात, म्हणजे अंगणात, उतरवायची, वरचं ओलं फडकं बाजूला सारायची, एक बांगडा उचलून त्याचा कल्ला अंगठ्याने वर करायची आणि तो तुमच्या नाकासमोर धरायची. "बघ. तांबडा आसा काय नाय?" आत लालभडक दिसलं की मगच भावाची गोष्ट. ज्या दिवशी लाल नसेल त्या दिवशी फडकं न उचलताच सांगायची, "आज माझ्याकडचा घेव नको गो. कालचो माल आसा. आज कुळथाची पिठी कर." असला धंदा करूनही तिची पाटी दुपारपर्यंत रिकामी व्हायची. तिचं खरं नाव मतदारयादीत होतं, पण गावात ते कुणाच्या तोंडी नव्हतं. लहानथोर सगळ्यांची ती तांबडीकाकी.

मला तिचा मत्सर वाटायचा. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुम्हाला मी भला माणूस वाटेन. मसुऱ्याच्या अलीकडच्या आमच्या गावात मी चौतीस वर्षं मुलांना शिकवलं. निम्मा गाव माझ्या हाताखालून गेला. पण रस्त्यात कुणाला काही सांगितलं की तो "व्हय मास्तर" म्हणायचा आणि चार पावलं पुढे जाऊन तीच गोष्ट तांबडीकाकीला विचारायचा. ती चौथीपर्यंतही शिकलेली नव्हती. मी चिडलो की प्रमाण मराठी बोलायला लागतो, अशी माझ्या मागे थट्टा चालायची. ती थट्टा तिनेच सुरू केली होती असा माझा संशय होता आणि अजून आहे.

गाव तेवढा तिला देऊन टाकला असता, पण माझी आईही तिच्याच पक्षात होती. आईला चौऱ्याऐंशी वर्षं झालेली. आमची वाडी वर, डोंगराच्या कडेला, काजूच्या बागांमध्ये. काकीचं घर खाली खाडीच्या काठाला. दर बुधवारी ती बंदरावरच्या लिलावात मासे घेऊन आमच्या वाडीत यायची. आई सकाळपासून पडवीत बसून राहायची. मी शाळेतून घरी येण्याची वाट तिने इतक्या आतुरतेने कधी पाहिली नसेल. गुडघ्यात पाणी झालंय हे तिने मला सांगितलं नव्हतं, काकीला सांगितलं होतं. मला ते कळलं काकीकडून, तेही ओरडा खाताना. "आवशीक डाक्तराकडे कधी नेतलंस? शाळा सुटल्यार?" मला तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती.

वडील गेले तेव्हा आईने वर्षभर मासे सोडले. धंद्याच्या हिशेबाने काकीला आमच्या घरी येण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तरी ती प्रत्येक बुधवारी आली. पाटी बाहेर, आंब्याखाली ठेवायची, वास येऊ नये म्हणून फडकं घट्ट खोचायची आणि आईजवळ येऊन बसायची. बोलणं फारसं नसायचं. आई पान जमवायची, काकी सुपारी कातरायची. मी त्या वर्षी आईशी रोज बोलत होतो, गीतेचे अध्याय वाचून दाखवत होतो. आई ऐकता ऐकता झोपी जायची.

एकदा मी मुद्दाम मालवणच्या बाजारातून मोठी सुरमई आणली. काकीची मक्तेदारी मोडायची हाच हेतू होता. आईने पिशवीत डोकावून पाहिलं, कल्ला वर केला आणि मासा पुन्हा पिशवीत ढकलला. "मेल्या, ह्यो चार दिसांचो आसा. बायक तरी इचारूचा होतास." काकीला ती बाय म्हणायची. ती सुरमई मी परसात पुरली आणि वर एक केळीचा कोंब लावला. केळी मात्र चांगली लागली.

मग ती साथ आली. आमच्या गावाने एक ग्राम कृती दल नेमलं आणि लिहिता-वाचता रिकामा माणूस म्हणून मला त्याचं सचिव केलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी माझं ऐकणार होतं. माझी बायको तेव्हा ठाण्याला मुलाकडे अडकून पडली होती, त्यामुळे घरात मला आवरणारंही कुणी नव्हतं. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचं ठरलं, तेव्हा शाळेच्या फाटकावर मी स्वतःच्या अक्षरात फलक लावला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काकी शाळेच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, कालवणाचा टोप ठेवून आतल्यांना लांबूनच हाका मारत होती. मी अडवलं. ती म्हणाली, "मास्तर, तुझो बोर्ड मी सुनेकडसून वाचून घेतलंय. त्येच्यात ह्यांका उपाशी ठेवा, असा खंय लिवलेला आसा?" गडग्याच्या दोन्ही बाजूंचे लोक हसले. त्या चौदा दिवसांतला माझा चेहरा पुढे चाकरमान्यांना आठवत नव्हता, टोप मात्र सगळ्यांना आठवत होता.

सरकारशी तिचं भांडण तिथूनच सुरू झालं होतं. बंदरावरचा लिलाव बंद केला, मग अर्धा दिवस चालू केला, मग पुन्हा बंद. भरून आलेल्या होड्यांतले पेडवे मासे लोकांनी माडाच्या मुळाशी खत म्हणून घातले. "मासो सरकारी नोटीस वाचून जाळ्यात येता काय?" असं तिने तलाठ्याला विचारलं. पण हे वरवरचं होतं. खरं दुखणं त्याच वर्षी गणपतीनंतर आलं. तिच्या नवऱ्याला लांबच्या एका हॉस्पिटलात नेलं आणि आठव्या दिवशी तो गेला. प्लास्टिकात बांधलेला देह दुरून दाखवला आणि तिथूनच स्मशानात नेला. तिने तोंड बघू द्या म्हटलं, नियमात बसत नव्हतं. "सरकारान माझो घोव बांधून दिल्यान," ती सांगायची. "आत कोण होतो, माका ठावक नाय. मी सुपारीएवढो मासोव बांधून देणंय नाय कोणाक." माझ्याकडे परिपत्रक होतं, ते मी त्या दिवशी खिशातच ठेवलं एवढं माझं बरं.

लस आली तेव्हा गावात दोन तट पडले. दुकानाच्या बाकावर, विहिरीवर, देवळासमोर, जिथे चार माणसं तिथे भांडण. कुणी म्हणे ताप येऊन माणूस आडवा होतो, कुणी म्हणे दोन वर्षांत मरतो, कुणी म्हणे पुढाऱ्यांनी चांगली लस स्वतःला ठेवून आपल्याला पाणी पाठवलंय. सगळं मोबाइलवर आलेलं. मी घरोघर फिरून समजावत होतो. माझा पहिला डोस मी कृती दलाचा माणूस म्हणून तालुक्याला जाऊन आधीच घेतला होता. तेही माझ्यावर उलटलं. "मास्तरान घेतल्यान म्हणता, पण बघितला कोणी?" असं लोक बोलायला लागले. तांबडीकाकी मात्र मोबाइलवाल्यांच्या बाजूला नव्हती, हे तिच्या बाबतीत कबूल करायला हवं. ती म्हणायची, "मोबायलातला माका कळणा नाय. माका उघडून दाखवा. बरी दिसली तर घेतंय."

शाळेत कॅम्प ठरला. साठीच्या वरच्यांसाठी. मी बाकं अंतरा-अंतरावर मांडली, खडूने गोल काढले आणि पहिल्या खुर्चीत आईला आणून बसवलं. मास्तरांच्या आईने घेतली म्हणजे गाव घेईल, हा माझा डाव. आईने पोलक्याची बाही दुमडून ठेवली होती. लस घेऊन आलेली सिस्टर अगदी तरुण होती, उपकेंद्रात रुजू होऊन जेमतेम तीन महिने झालेली. तिची निळी पेटी टेबलावर आणि बाहेर व्हरांड्यात पन्नासेक माणसं. आणि त्या माणसांच्या मागे, डोक्यावर पाटी घेऊन, तांबडीकाकी. बुधवार होता ना.

आईने तिला खिडकीतून पाहिलं. "बाय, ये गो हयसर," ती म्हणाली. "तू बघ नि सांग. मगे घेतंय."

मी शेजारी उभा होतो. मला ते वाक्य असं झोंबलं की विचारू नका. काकीने पाटी खाली ठेवली, हात धुतले, आत आली आणि सिस्टरला म्हणाली, "बाय माझे, पेटी उघड बघया." सिस्टरने उघडली. आत चारी बाजूंनी बर्फाच्या चपट्या डब्या आणि मधे लसीच्या कुप्या. काकीने एक डबी उचलली. तिच्यावरून पाण्याचे थेंब ओघळत होते. तिने ती कानाशी धरून हलवली. आतलं पाणी डुचमळलं, ते मलाही ऐकू आलं. पन्नास वर्षं बर्फावर माल विकलेली बाई ती. तिने डबी जागेवर ठेवली, व्हरांड्याकडे वळली आणि म्हणाली, "बर्फ सुटलो. ह्यो माल मी मांजराकव घालूचंय नाय."

सिस्टर म्हणाली, "नाही काकी, ते तसंच..."

"थांबा सिस्टर, मी बोलतो," मी म्हणालो आणि बोलायला लागलो. प्रमाण मराठीत. शास्त्रज्ञांचे कष्ट, सरकारची यंत्रणा, अडाणीपणा, अफवा. सिस्टरने पुन्हा एकदा "सर, एक मिनिट" म्हटलं, मी हाताने तिला गप्प केलं. शेवटी मी काकीला म्हणालो, "तुम्ही बांगडे विका. यातलं तुम्हाला काय कळतं?" ती चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "मास्तर, ता सगळा रवांदे. बर्फ सुटलो काय नाय, ता सांग."

मी म्हणालो, "सुटलेला नाही."

टेबलावर पाण्याचं थारोळं झालं होतं. ते अख्ख्या गावाने पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, बाही खाली केली आणि काठी घेऊन उठली. तिच्या मागोमाग व्हरांडा रिकामा झाला. चार पेन्शनरांनी तेवढी लस घेतली, तीही मला वाईट वाटू नये म्हणून.

सगळे गेल्यावर सिस्टर सामान आवरत होती. डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. ती म्हणाली, "सर, मी तेच सांगत होते. बर्फ सुटलेलाच लागतो. घट्ट बर्फ लसीला चिकटला तर लस गोठते आणि वाया जाते. म्हणून डबी बाहेर काढून ठेवायची, घाम आला, आत पाणी वाजलं की मगच पेटीत भरायची. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात." मी खुर्चीत बसलो. ती म्हणाली, "आपण काकींच्या घरी जाऊन येऊ या का? उघडलेली कुपी अजून काही तास चालते. त्यांना पटलं तर लोक परत येतील." मी घड्याळ पाहिलं. म्हणालो, "तुम्ही पुढच्या गावाला निघा, तिथे लोक थांबले असतील. काकीला मी सांगतो."

मी सांगितलं नाही. काकीचं घर आमच्या घरापासून दहा मिनिटांची उतरण. दुपारभर मी पडवीत बसून होतो. मला नुसतं सांगायचं नव्हतं, मला तिला सगळ्यांसमोर चुकलेली पाहायचं होतं. इतक्या वर्षांत ती प्रथमच चुकली होती, आणि तेही तिच्या स्वतःच्या विषयात, बर्फात. असा योग मी दोन वाक्यांत, तिच्या अंगणात, कोंबड्यांच्या साक्षीने संपवणार नव्हतो. मला बर्फ सुटलेलाच लागतो असं लिहिलेला सरकारी शिक्क्याचा कागद हवा होता. त्यासाठी मी तीन वेळा तालुक्याला गेलो, गर्दीत उभा राहिलो, साहेबांची वाट पाहिली. आईला मात्र त्याच संध्याकाळी सांगून पाहिलं. ती म्हणाली, "बायक सांग. ती व्हय म्हणाली तर घेतंय." पुढच्या बुधवारी काकी आली, आईजवळ बसली, सुपारी कातरली. मी हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत होतो. पूर्ण वाचलं त्या दिवशी, जाहिरातींसकट.

कागद दहाव्या दिवशी मिळाला. रविवारी देवळासमोरच्या पटांगणात, मास्क लावून, लांब लांब बसून बैठक झाली. मी तो कागद शब्द न शब्द वाचला. वाचताना अधूनमधून काकीकडे पाहत होतो. ती मान खाली घालून ऐकत होती. वाचन संपल्यावर तिने विचारलं, "म्हणजे तिसऱ्यांसारख्या?"

कुणाला काही कळलं नाही. तेव्हा तीच सांगायला लागली. खाडीतले तिसरे, शिंपल्यांतले, जिवंत विकायचे असतात. ते बर्फात घातले तर मरतात आणि तोंड उघडतात. म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळून बर्फाच्या शेजारी, पण बर्फाला न लावता ठेवायचे. "तशीच ही लस," ती म्हणाली, "थंड व्हयी, पण बर्फ लागूचो नाय." माझ्या कागदावरच्या दीड पानाचं तिने एका वाक्यात केलं. मग उभी राहिली, पदर सावरला आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "माझा चुकला. माका वाटला मासो तशी लस. मास्तर बरोबर होतो, मी चुकलंय. माझा ऐकान कोणी रवलो असात तर तेना आता घेवची. लस येतली तेव्हा पयली मी घेतलंय."

लोक तिच्याभोवती जमले. कधी घेवची, काय खावन जावचा, ताप इलो तर काय करूचा, सगळे प्रश्न तिला. मी हातात शिक्क्याचा कागद घेऊन देवळाच्या पायरीवर उभा. मी जिंकलो होतो आणि माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं. "मी चुकले" असं म्हणून माणूस मोठा होतो, हे मी मुलांना फळ्यावर लिहून दिलं असेल; होताना मात्र त्या दिवशी पाहिलं, आणि मला तिचा इतका राग आला की मी घरी येऊन कागद फाडला.

लस मात्र नव्हती. मी तालुक्याला फोन केला, साठा संपला होता. पुढचा कधी येईल ते कुणी सांगेना. एवढ्या माणसांना घरोघर फिरून तयार करायचं आणि ती तयार झाली की पेट्या रिकाम्या, असा तो कारभार. काकीने सरपंचांना धारेवर धरलं, सरपंचांनी वर फोन केले. दुसरी लाट तोवर आमच्या जिल्ह्यात आली होती.

घरात पहिला खोकला मला आला. तालुक्याच्या चकरांतूनच आणला असणार. मला दोन दिवस कसकसलं आणि गेलं, डोस झालेला होता. पाचव्या दिवशी आईला ताप भरला. पुढचं तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलंय, ते पुन्हा सांगत नाही. नवव्या दिवशी हॉस्पिटलमधल्या एका भल्या माणसाने फोन आईच्या कानाला लावून दिला. मी "आई, आई" करत होतो. धाप लागलेल्या आवाजात ती म्हणाली, "बायन लस घेतल्यान?" मी म्हणालो, अजून आलेली नाही. ती म्हणाली, "इली की घे म्हणान सांग तिका. माझ्यासारख्या करू नको म्हण." तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे. त्यातही मी निरोप्याच होतो. डॉक्टर नंतर म्हणाले, एका डोसने काय झालं असतं ते सांगता येत नाही. मीही स्वतःला तेच सांगतो, आणि ते काही दिवस पुरतं.

आई गेल्यावर महिन्याने पुन्हा कॅम्प लागला. तीच सिस्टर, तीच निळी पेटी. काकी पहिल्या खुर्चीत बसली. तिच्या मागे रांग फाटकाबाहेर गेली होती. मी सुतकातून उठलो होतो, पण शाळेत गेलो नाही. काकी आणि सिस्टर बराच वेळ बोलत बसल्या होत्या, असं कुणीतरी सांगितलं. मी लक्ष दिलं नाही.

त्यानंतरच्या बुधवारी काकी आमच्याकडे आली. पाटी आणली नव्हती. आई बसायची त्या बाकासमोर, जमिनीवर बसली. मी खुर्ची दिली, नको म्हणाली. खळ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "मास्तर, तुझ्या आवशीक मी उठवलंय त्या खुर्चीवरसून. माझ्या तोंडान गेली ती. माका माफ कर."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. ती दुपार, सिस्टर, माझं "मी सांगतो", दहा दिवस, वर्तमानपत्र. एक वाक्य बोललो असतो तर ओझं निम्मं झालं असतं, तिचं आणि माझंही. ती थांबली होती. मी काही बोलेना तेव्हा तिने विचारलं, "तुका काय सांगूचा आसा?"

मी म्हणालो, "नाही काकी. जे झालं ते झालं. मी तुम्हाला माफ केलं."

तिने मान हलवली. थोडा वेळ आणखी बसली. उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाली, "बरा तर," आणि निघाली. त्यानंतरही ती दर बुधवारी वाडीत यायची. माझ्या खळ्यात थांबायची, मासा समोर धरून दाखवायची. बायको परत आली होती, ती घ्यायची. आईचा विषय काकीने पुन्हा कधी काढला नाही. गावाने मात्र मास्तरांच्या आईचं मरण तिच्या नावावर मांडून ठेवलं होतं. कुणी तोंडावर बोलत नसे. पण बोलण्यात यायचं, आणि तिच्या कानावर जायचं. तिने कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. मीही कुणाला अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यात थोडं बरंच वाटत होतं.

गेल्या वर्षी काकी गेली. पाटी उतरवून दुपारी जरा आडवी झाली ती उठलीच नाही. अकराव्या दिवशी गावाने देवळासमोर शोकसभा ठेवली. चार शब्द बोलायला अर्थातच मास्तर. मी दहा मिनिटं बोललो. तिचा सचोटीचा धंदा, चाकरमान्यांना खाऊ घातलेलं कालवण, आणि भर सभेत चूक कबूल करण्याचा मोठेपणा. "माझ्या स्वतःच्या घरात त्या चुकीची झळ लागली, तरी माझ्या मनात कधी किल्मिष आलं नाही," असंही म्हणालो. बायका डोळे पुसत होत्या. मला माझं भाषण आवडलं.

ती सिस्टर आता दुसऱ्या तालुक्यात असते. तीही आली होती. सभा संपल्यावर पायरीशी थांबली. म्हणाली, "सर, एक विचारू? काकींनी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही?"

"कशाबद्दल?"

"दुसऱ्या कॅम्पला त्यांनी मला विचारलं होतं, त्या दिवशी तू गप्प का राहिलीस म्हणून. मी म्हटलं, सरांना मी त्याच दुपारी सगळं सांगितलं होतं, तुमच्याकडे येऊ या असंही म्हटलं होतं, ते म्हणाले मी सांगतो." तिने आवाज खाली आणला. "त्यावर त्या म्हणाल्या, 'बाय, ह्या कोणाकडे बोलू नको. तेच्या आवशीचा मरान आसा. तो आपणहून सांगात.'"

सिस्टरची गाडी आली, ती गेली. मी पायरीवर बसलो. म्हणजे त्या बुधवारी ती आमच्या पडवीत येऊन जमिनीवर बसली, तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिचा वाटा तिने माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या वाट्यासाठी ती थांबली. मी बोलेना, तेव्हा तिने तोंडाने विचारलंसुद्धा. आणि मी तिला माफ केलं.